दाराबाहेरून बघायचं चित्र

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याच्या पोटात दुखवणारा साधा माणूस साऱ्या मुंबईत सापडणार नाही. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत एक खोली, कारकुनी करून निवृत्त, अंगात बंडी. दादरला फ्लॅट माझा, सोफा माझा, आणि माझी बायको मात्र उठता-बसता म्हणणार, "भावोजींची नजरच वेगळी!"

ही वेगळी नजर म्हणजे त्यांच्या भिंतीवरचं फ्रेम केलेलं एकुलतं एक चित्र. कुठल्याशा परदेशी चित्राची छापील प्रत. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेली एक बाई. तेवढ्यासाठी गिरगावातल्या फ्रेमवाल्याकडे त्यांनी इतक्या खेपा घातल्या की तेवढ्यात एखाद्याचं लग्न जुळलं असतं. लाकडाचा रंग जुळावा म्हणून घरच्या भिंतीचा पोपडा पुडीत बांधून नेला. घरी आणताना बसमध्ये चित्राला सीटवर बसवून त्याचं वेगळं तिकीट काढलं. कंडक्टर हसला, तर म्हणाले, "अरे मेल्या, जागा अडवलीय ना तिने? मग तिकीट नको?"

खिळा ठोकला तो भिंतीतून पलीकडे निघाला. माझ्याकडे असं झालं असतं तर सोसायटीची नोटीस आली असती. त्यांच्या शेजारच्या काकूंनी त्या टोकाला आपलं कॅलेंडर अडकवलं आणि वर चहा पाठवला. दसऱ्याला देवांच्या तसबिरींबरोबर त्या या बाईलाही झेंडूची माळ घालायच्या. मी म्हटलं, "काकू, ही परदेशातली बाई आहे." त्या मालवणीत म्हणाल्या, "असांदे. घरात रवता ना?"

चित्र लांबूनच बघायचं, हा साडूंचा हट्ट. खोली एवढीशी, म्हणून पाहुण्याला हाताला धरून बाहेर गॅलरीत उभं करायचे. "साडूभाऊ, जवळून दिसते ती काच. चित्र इथून बघा." मग जाणारे-येणारेही थांबायचे, गप्पा रंगायच्या, आणि मी मनातल्या मनात धुमसायचो. शेवटी ईर्ष्येने मी दुप्पट मोठं, धावत्या घोड्यांचं चित्र मागवलं. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटतंय."

पुढे त्यांची चाळ पाडायला निघाली. तात्पुरत्या मिळालेल्या खोलीची पातळ भिंत खिळा धरेना, तेव्हा साडू चित्र चादरीत गुंडाळून माझ्याकडे आले. "तुमच्याकडे भिंत आहे," एवढंच म्हणाले. घोडे पलंगाखाली गेले. खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण दर रविवारी साडू यायचे ते आत बसायचेच नाहीत. दार सताड उघडं ठेवून लिफ्टसमोर उभे राहायचे. समोरच्या फ्लॅटमधले लोक, ज्यांची नावं मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती, ते साडूंच्या शेजारी येऊन बाईकडे बघत बोलत राहायचे. चित्र माझ्या घरात, आणि लोक विचारणार, "आज तुमचे साडू येणार ना?" जळण्याला काही अंतच नव्हता.

हल्ली त्यांना गुडघ्यांमुळे घराबाहेर पडवत नाही. गेल्या रविवारी कोणीच आलं नाही. मी दार उघडलं आणि बाहेर जाऊन लिफ्टसमोर उभा राहिलो. इथून ती बाई खरंच वेगळी दिसते. समोरचे गृहस्थ बाहेर आले आणि माझ्या बाजूला उभे राहू लागले. मी त्यांना जरा पलीकडे सरकायला सांगितलं. ती जागा साडूंची आहे.