फेकलेलं संत्रं

संत्रं माझ्या छातीवर आपटलं आणि सीटांच्या मधून घरंगळत मागं गेलं. बाजाराचा दिवस. गाडी खच्चून भरलेली.

"घे बे, तुह्या वाट्याचं. उचल," संत्र्याच्या बागेचे मालक म्हणाले.

गाडी हसली.

मी एस.टी.चा कंडक्टर. नागपूर-नरखेड माझी लाईन. अंगावर खाकी, खांद्याला कातडी पिशवी. त्या भागात बहाराच्या दिवसांत एक रीत होती. बागवाला गाडीत चढला की ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातावर संत्री ठेवायचा. मालकांची बाग मोठी. त्यांनी ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. माझ्याकडे एक फेकलं. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं.

मी वाकलो. लोकांच्या पायांतून हात घालत शेवटच्या सीटपर्यंत गेलो. तिथं आमच्याच वस्तीतले एक म्हातारबाबा बसले होते. संत्रं त्यांच्या चपलेपाशी थांबलं होतं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचा राग नाही आला. फक्त फार एकटं वाटलं. धम्मदीक्षेच्या दिवशी आईनं माझं बोट धरून मला नागपूरच्या त्या मैदानावर नेलं होतं. यापुढं कोणापुढं वाकायचं नाही, एवढंच त्या वयात मला कळलं होतं. आणि आता मी संत्र्यासाठी वाकलो होतो.

नरखेडच्या स्टँडवर ड्रायव्हरनं डबा उघडला. माणूस चांगला. माझ्या डब्यातली भाजी हक्कानं मागून खायचा.

"मनावर नको घेऊ गा. मोठे लोक असेच रायते."

"मंग तू काहून नाही बोलला?"

तो भाकरी मोडत राहिला.

नंतर एकदा सकाळच्या पहिल्या गाडीला मालक एकटेच चढले. गाडी रिकामी. माझ्या शेजारी येऊन बसले. "काय म्हनता कंडक्टरसाहेब? लेकरंबाकरं बरी हायेत ना?" पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागली. त्यांना काही झालं नाही.

हा तोच माणूस होता. नव्हते ते फक्त बघणारे.

लोक म्हणतात, मालकांचा स्वभावच तापट, म्हणून चारचौघांत असं बोलतात. साफ खोटं. चारचौघं असतात म्हणूनच बोलतात. आपण मोठे आहोत याची मालकांना स्वतःलाच खात्री नव्हती. मला वाकवून ती त्यांना लोकांच्या डोळ्यांत पाहायची होती. आणि लोक हसून ती देत होते. फुकट.

पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा भरली. संत्रं आलं. माझ्या पायाशी पडलं. मी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली.

"मालक, परवा एकटे होते तवा अर्धं संत्रं माह्या हातावर ठेवलं. आज लोकायसमोर हात काहून आखडला? उचला अन् हाती द्या. नाही तं तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

कोणी हसलं नाही. मालकांचा चेहरा काळवंडला.

"तुही नोकरी खाईन मी!"

"खा."

मग लोक बोलले. पहिलं संत्रं फेकलं तेव्हा हसले होते तेच. "अरे, गाडी सोड ना बाप्पा! उशीर होऊन राहिला!" ओरडले ते माझ्यावरच.

निघायची घंटी मी दिली नाही. ड्रायव्हरनं तरी गाडी सोडली. आरशात त्याचे डोळे दिसले. त्यानं ते खाली घातले. संत्रं नरखेडपर्यंत सीटांखाली इकडून तिकडं घरंगळत राहिलं. कोणी हात लावला नाही. मीही नाही.

मालकांनी तक्रार केली. माझी लाईन बदलली. स्टँडवर आता माझ्या डब्यातली भाजी कोणी मागत नाही. सुरुवातीला ते फार सलायचं. मी डबा उघडून उगाच थोडा वेळ थांबायचो. आता थांबत नाही.

पण त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. नुसती घंटी पुरत नाही. आता माझ्या गाडीत कोणी कोणावर काही फेकलं, संत्रं असो की शिवी, मी दोरी ओढतो आणि खाली उतरून रस्त्यावर उभा राहतो. कंडक्टरला सोडून गाडी नेता येत नाही. आतून सगळे ओरडतात. सोबतीला कोणी उतरत नाही. न उतरो.

ज्यानं फेकलं तो वाकून उचलत नाही, तोवर मी चढत नाही.