हरेश्वरने अडवलेलं मशीन

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला आमच्या वर्कशॉपमध्ये होतो. आदल्या दिवशी त्याने माकुणसारच्या घरच्या वाडीतून आणलेला केळीचा खुंट टेबलाखाली पडला होता. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. "दादा गेला," एवढंच म्हणाला... झोपेतच गेला.

कापणीच्या मशीनचे कंट्रोलर बनवणं हा आमचा धंदा. मी वायरिंग बघायचो, हरेश्वर आतलं सॉफ्टवेअर. पात्याखाली हात गेला की सेन्सरने कळवायचं आणि पातं जागच्या जागी थांबायचं. चाचणीत हाताऐवजी तो केळीचा खुंट पुढे करायचा. बेटेगावच्या एका खोक्यांच्या कारखान्याचं मशीन तयार झालं, टेंपो दारात आला, तरी हा खुंट सरकवत बसलेला. बहुतेक वेळा नुसता ओरखडा उठायचा, पण एखाद्या वेळी काप खोल जायचा. आमच्या वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "एवढं चालतं रे." हरेश्वर म्हणाला, "केळीला चालतं."

टेंपो रिकामा परत गेला. शेठ चिडले, मीही वैतागलो. हा आपला खाली मान घालून एकेक ओळ तपासतोय. अखेर चूक सापडली, ती त्याचीच. पडद्यावर आकडे लिहायच्या कामात त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंटरप्ट बंद ठेवले होते. म्हणजे तेवढा वेळ प्रोसेसर कोणाचीच हाक ऐकत नव्हता. पातं थांबवायच्या कामाला कर्नलमध्ये, म्हणजे कामांची पाळी ठरवणाऱ्या भागात, पहिला मान होता खरा, पण सेन्सरची हाकच आत पोचत नव्हती, तर त्या कामाची पाळी लागणार कशी? शेठना त्याने त्याच्या पद्धतीने समजावलं. "संडासाला कडी लावायला हरकत नाय. मी आत बसून पेपर वाचत होतो." मग त्याने आकडे उचलून घेण्यापुरतीच कडी ठेवली, लिहिण्याचं काम इंटरप्ट उघडल्यावर करायला लावलं. खुंटावर पुन्हा खोल काप गेला नाही, तेव्हा कुठे मशीन बेटेगावला गेलं. ते बसवायला तो स्वतः गेला, तिथल्या बायकांच्या डब्यातलं जेवला.

त्याच बायका तेराव्याला माकुणसारला आल्या होत्या. मागच्या पडवीत त्यांच्यातली रंजना वडे थापायला बसली होती. ते मशीन तीच चालवते. मी हरेश्वरच्या बरोबरचा, हे कळल्यावर म्हणाली, "तुमच्या साहेबानं आमचं मशीन लय दिवस अडवलेलं. आमी घरी बसलेलो. काय झालेलं त्याला?"

"थांबायला जरा उशीर करत होतं," मी म्हणालो.

"आता नाय करत. माझ्यापुढं दोनदा थांबलंय. घाईत हात जातोच कवातरी." आणि तिने पुढचा गोळा हातावर घेतला.

मी तिच्या पिठाने माखलेल्या दोन्ही हातांकडे बघत राहिलो. हरेश्वर गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं... ते तिथे आलं.