मला गैरहजर लावा

पाटणच्या एसटी स्टँडवर वडिलांनी मला उचलून गाडीत बसवलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "एवढ्या लांब कशाला धाडताय पोरीला? हितंच शिवणकाम शिकवा की." वडिलांनी माझ्या कुबड्या सीटखाली सारल्या, खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "फुडच्या बाकावर बस. मागं बसलं की सर इसरत्यात." आई पदरानं डोळे पुसत होती. मला मात्र कंडक्टरचा इतका राग आला होता की रडायचं राहूनच गेलं.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना वाटतं, सांगलीला जाऊन माझं भलं झालं. झालंच. पण ते कुणी आपणहून केलं नाही, एवढं एकदा लिहायचं होतं. आणि जे माझ्यासारखे पोलिओचा पाय घेऊन बाहेर पडले, त्यांना तर पुढचं सगळं न सांगताच कळेल.

सांगलीत हॉस्टेलची खोली सुदैवानं खालच्या मजल्यावर मिळाली. वारा फिरला की हळदीचा वास खोलीत यायचा आणि मला सारख्या शिंका यायच्या. कॉलेजात मात्र अर्थशास्त्राचे तास दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं नावच नको. पहिले काही दिवस मी जिन्यात बसून, हातांवर जोर देऊन, उलटी एकेक पायरी चढायचे. पायाला बांधलेलं लोखंडी कॅलिपर दगडावर खणखण वाजायचं. वर पोचेपर्यंत तास निम्मा झालेला आणि ड्रेस मागून धुळीनं माखलेला. पोरं हसायची नाहीत, बाजूला होऊन वाट द्यायची. ते जास्त लागायचं.

खाली एक खोली होती, मोडक्या बाकांनी भरलेली. आमच्या वर्गाला पुरली असती. मी प्राचार्यांना जाऊन तसं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "बाळ, तू कशाला त्रास घेतेस? तुझी हजेरी आम्ही लावून टाकू. मुली नोट्स देतील. तू खाली लेडीज रूममध्ये निवांत बसत जा."

इतक्या मायेनं बोलले की भांडता येईना. वर्षभर मी खाली बसून डोक्यावर सरकणाऱ्या बाकांचा आवाज ऐकला. वर माझा नंबर आला की सर स्वतःच हजर मांडायचे. आणि सगळं कॉलेज म्हणायचं, आपले प्राचार्य म्हणजे देवमाणूस! खोली झाडायला शिपायाला एक दुपार लागली असती हो. पण झाडण्यापेक्षा कनवाळू होणं सोपं होतं.

दुसऱ्या वर्षी दिल्लीत अपंगांसाठी कायदा झाल्याचं पेपरात आलं. आमच्या कॉलेजनं त्यावर काय केलं? माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ, हार. वडिलांनाही बोलावलं. ते कोयनेच्या वसाहतीत चौकीदार होते, रजा टाकून इस्त्रीच्या कपड्यात आले. हॉलच्या स्टेजला पायऱ्या होत्या, म्हणून दोन शिपायांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. सत्कारासाठी मला उचलता येत होतं, शिकण्यासाठी नाही. प्राचार्यांनी भाषणात सवलतींची यादी वाचली, त्यात मला खाली बसवून वर लावलेली हजेरीही होती. मग वडिलांना म्हणाले, "पालकांनी दोन शब्द बोलावेत."

वडिलांना आधी हे काहीच ठाऊक नव्हतं. मीच लपवलं होतं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"आवं सर, माझा बा शाळंत जायाचा, पर दाराच्या भायेर बसायचा. आमच्या जातीला आत घेत नव्हते. मास्तर चांगला व्हता, मारायचा न्हाई. गोडीनंच भायेर बसवायचा. पुढं बानं दीक्षा घेतली, मला आत बसवलं. आता माझी पोरगी बी भायेरच बसनार व्हय?"

पहिली टाळी प्राचार्यांनी वाजवली. मग सगळ्यांनी. त्यांना ते आभाराचं भाषण वाटलं! वडील माझ्याकडं बघत राहिले. स्टँडवर जाताना रिक्षात मी त्यांना खालच्या खोलीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग येनार का गं वर्ग खाली?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उलटी जिना चढले आणि वर्गाच्या दारात उभी राहून सरांना म्हणाले, "उद्यापासूनही मी खालीच असेन. मला गैरहजर लावा. मी हजर नसते, तर मांडू नका." सर गांगरले. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हे मलाही माहीत होतं. माझं वर्ष जाणार होतं, आणि गावाकडं परत जाऊन शिवणकाम. पण ज्या मुलीचा हार घातलेला फोटो पेपरात छापून आला, तिलाच परीक्षेला बसू दिलं नाही, असं दिसणं कॉलेजला परवडणार नव्हतं. तीन आठवडे सर रोज गैरहजर मांडत गेले. चौथ्या आठवड्यात मोडके बाक बाहेर निघाले आणि वर्ग खाली आला. प्राचार्य मला त्यानंतर बाळ म्हणाले नाहीत.

मी पुढच्या बाकावर बसले. पहिल्याच तासाला सरांनी प्रश्न विचारला आणि माझं उत्तर चुकलं. सर जोरात ओरडले. केवढं बरं वाटलं!

आता मी सांगलीजवळ माधवनगरात राहते, नोकरीही इथलीच. पाटणला गेलं की बायका म्हणतात, "लय चांगली माणसं भेटली गं तुला." मी दर वेळी भांडते. आई म्हणते, "जाऊ दे की आता." जाऊ कसं द्यायचं?

घर कुठलं म्हणून विचाराल, तर एखाद्या दिवशी मी आले नाही की जिथं "ही कुठं गेली?" म्हणून विचारतात, ते माझं घर. पाटणात आई विचारते. इथं समोरची शेजारीण विचारते, दार वाजवून. कॉलेजकडं याहून जास्त मी काहीच मागितलं नव्हतं.