सांगण्याचा विमा

दुपारचे अडीच. राहनाळमधलं एक गोदाम, कॅन्टीनचा दरवाजा. आरोग्य शिक्षिका मनीषाताई कामगारांना टीबीची माहिती देऊन निघत होत्या. रिव्हर्स घेणाऱ्या फोर्कलिफ्टने त्यांचा उजवा पाय चिरडला.

बातमी मी चार ओळींत दिली. पण बातमी छापून झाली तरी माणसाचे किस्से थांबत नाहीत. ताईंच्या किश्शांनी माझी डायरी भरली आहे.

* * *

गोदामाची अट होती, विमा असेल तरच आत. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे आमच्या लेबरला काही झालं तर?"

ताई एजंटकडे गेल्या.

"डॉक्टर?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"मग करता काय?"

"सांगते. गोळ्या मध्येच सोडू नका, हे सांगते."

एजंट हसला. "सांगण्याचा कसला विमा!"

तीन खेपांनंतर पॉलिसी मिळाली. ताईंच्या सल्ल्याने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई. कामाच्या जागी ताईंना अपघात झाला, तर त्यांनाही.

* * *

दिघाशी गावात एक मावशी चिडून आली. "बाय, तुजं ऐकून मशेरी सोडली. आठ दिस डोकं दुखतंय. भरून कोन देनार?"

ताईंनी पिशवीतून पॉलिसी काढली. "मावशी, यात सोय हाय!"

"कागद नको. उद्या ये, गप्पा मार. मंग न्हाय आठवत मशेरी."

ताई आठवडाभर रोज गेल्या!

* * *

अपघातानंतर विमा कंपनीचा अधिकारी घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "पाय गेला, तोंड शाबूत आहे ना? बसून सांगा."

"साहेब, मी पावरलूमच्या कारखान्यांतही जाते. लूम चालू असताना काही ऐकू येत नाही. एकेका कारीगराच्या कानाशी जाऊन सांगावं लागतं. लूम सोडून कोण माझ्याकडे येणार?"

त्याने हे लिहून घेतलं नाही. मी घेतलं.

* * *

परवा मी ताईंकडे बसलो असताना फोन वाजला. पावरलूमवरचा एक पेशंट. "दीदी, आप आती नहीं, तो मैंने गोली बंद कर दी."

ताई ओरडून समजावत होत्या. पलीकडे लूम खडखडत होते.

"क्या? क्या बोला, दीदी?"

फोन कट झाला. ताईंनी लगेच पुन्हा नंबर लावला.

* * *

कंपनीने क्लेम नाकारला. कारण एका ओळीचं : 'घटनेच्या वेळी आपण गोदामातून बाहेर पडला होता.' पुरावा, गेटवरचं रजिस्टर.

मी गेटवर जाऊन ते उघडायला लावलं. ताईंचं नाव. बाहेर जाण्याची वेळ सव्वादोन. पुढे सही.

"बघा," मॅनेजर म्हणाला, "मॅडमनी स्वतः सही केलीय."

त्या दुपारी ताई त्या गेटमधून एकदाच बाहेर गेल्या. टेम्पोत आडव्या, बेशुद्ध.