ह्यांच्या होडीने उडवलेला सुरुंग
आमच्या ह्यांची पुस्तकं पार पुण्यापर्यंत वाचली जात, पण खानदेशात कीर्ती झाली ती ह्यांच्या होडीची. आमचं गुजर घर, मासळीचा वाससुद्धा चालत नसे. ह्यांना मात्र मासे धरायचं वेड. म्हणून होडी घेतली आणि सारंगखेड्याला तापीवर बांधून ठेवली. पासष्टची लढाई लागली, शत्रूचे छत्रीवाले सैनिक उतरल्याच्या वावड्या गावात आल्या, तशी ह्यांनी होडीतून जाळी काढून बंदूक ठेवली. रोज सकाळी पहारा. बंदूक आणि ह्यांची अधू नजर, या जोडीची मला इतकी धास्ती की पोहता येत नसताना मीही होडीत बसू लागले. वल्ह्यावर म्हातारा भोई असे.

एका सकाळी नदी दुथडी भरली होती, भुरभुर पाऊस होता. काहीतरी गोल तरंगत आमच्याकडे येत होतं. सुरुंग आहे, असं पुटपुटत ह्यांनी बंदूक खांद्याला लावली. मला मात्र त्यामागचं डोकं दिसलं, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. नाव बंद असली की पैलतीराचे मजूर वाळका भोपळा पोटाशी बांधून पोहत येतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. ओरडायला तोंड उघडलं, पण घसा असा सुकला की आवाजच फुटेना. तोवर बार उडाला.

भोपळ्याच्या ठिकऱ्या झाल्या आणि डोकं पाण्याखाली गेलं. भोईने वल्हं पुढे केलं. डोकं दोनदा वर आलं नि गेलं, तिसऱ्यांदा हाताला वल्हं लागलं. ओढून घेतला तेव्हा कळलं, हा तर आमच्याच शेतातला गडी. खांद्यातून रक्त गळत होतं. त्याने ह्यांच्यापुढे हात जोडले.

"मी ते निंदाले ई ऱ्हायनू, भाऊसाहेब. चुकी गयं."

आमच्याच शेतात निंदणीला येत होता, आणि चूक म्हणे त्याची. हे गप्प बसले, आणि लाज वाटते सांगायला, मीही.

पुढे ह्यांनी दिवाळी अंकासाठी होडीच्या पराक्रमाचा लेख लिहिला. तो छापून आल्यावर धुळ्याहून माणसं होडी बघायला येऊ लागली. ह्यांचं सगळं लिखाण मीच स्वच्छ अक्षरात उतरवून देत असे. हा लेख उतरवताना 'सुरुंग' या शब्दापाशी माझा हात थांबला होता. हे दारात उभे होते.

"लिही," म्हणाले.

हातात बंदूक नव्हती, तरी घसा नदीवर सुकला होता तसाच सुकला. मी लिहिलं.