शांतवनमास्तरांनी बाप नाकारला नाही

आमच्या शांतवनमास्तरांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला! संपादकांनी "सगुणाबाई, थोडक्यात हं" अशी ताकीद दिली आहे. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कोणालाही विचारा, असल्या ताकिदीचा माझ्यावर काडीइतका परिणाम होत नाही.

नगरला शिकून मी शाळेत रुजू व्हायला आले, तेव्हा लिंबाखाली एक फेटेवाले गृहस्थ एकतारीवर पाढे गात होते आणि पोरे मागून म्हणत होती. "मास्तर कुठं आहेत?" मी विचारले. "येतील आत्ता. पाणी घ्या," ते म्हणाले. पाढा संपवून त्यांनी एकतारी खोडाला टेकवली आणि हात जोडले, "आले बघा मास्तर!" पोरे खो खो हसली. मी अशी चिडले म्हणता! पण पुढे मला टायफॉइड झाला, तेव्हा ह्याच मास्तरांनी माझा वर्ग सांभाळला, आणि मी उठून बसेपर्यंत त्यांच्या घरून रोज तांदळाच्या कण्यांची कण्हेरी येत राहिली.

ती एकतारी त्यांच्या वडिलांची, दगडूबाबांची. मास्तरांच्या आई लेकरांसह ख्रिस्ती झाल्या. बाबा आपल्या भजनातच राहिले. तरी दर रविवारी गाडी जुंपून सगळ्यांना प्रार्थनामंदिरात आणायचे ते बाबाच, आणि उपासना संपेपर्यंत पायरीवर बसून राहायचे. मास्तर गाणे त्यांच्याकडूनच शिकले आणि त्याच चालींवर येशूचे कीर्तन करू लागले. काय रंगायचे हो ते कीर्तन! कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू, टाळ्या वाजवताना कोणाला भान नसे.

महायुद्धाच्या दिवसांत मास्तरांना पाळकाची दीक्षा द्यायचे ठरले. उभ्या हयातीत त्यांनी देवाकडे स्वतःसाठी एवढेच मागितले होते. मंदिर गच्च भरले. नगरहून चर्चची वडीलमंडळी आली. मास्तरांच्या हातातली एकतारी पाहून त्यांतल्या मुख्य पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे वाद्य खाली ठेवा," ते म्हणाले, "आणि वडिलांच्या मार्गाशी माझा काही संबंध उरला नाही, असं सर्वांसमोर सांगा. मग दीक्षा देऊ."

तेवढ्यात पायरीवरून म्हातारे दगडूबाबाच ओरडले, "आरं म्हन की लेका! मला न्हाई वाईट वाटायचं. म्हन आन् हो पाळक!"

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज खणखणीत होता. एरवी शाळेत शुद्ध बोलणारे मास्तर त्या दिवशी घरच्या बोलीतच बोलले. "न्हाई बाबा. हात जोडाया तुमी शिकवलं. तुमाला नाकारलं, तर प्रभूची प्रार्थना कोन्या तोंडानं म्हनू? ती तर बापाला हाक मारूनच सुरू व्हती!"

अहो, काय सांगू! माझ्या अंगावर आज लिहितानाही काटा येतो. पाहुणे दीक्षा न देताच परतले. मास्तरांनी बाबांना हाताला धरून आत आणले, पहिल्या ओळीत बसवले आणि कीर्तनाला उभे राहिले. त्या दिवशी मी गळा फाटेस्तोवर गायले. त्यांची दीक्षा राहिली ती राहिलीच. वाईट वाटले का, असे मी एकदा विचारलेही. "लई वाटलं, बाई," एवढेच म्हणाले.

आता आमच्याकडे बाप्तिस्मा द्यायला शेवगावहून पाळक येतात. येवोत बापडे! पण त्याआधी आया आपले लेकरू मास्तरांच्या मांडीवर ठेवतात. त्यांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय बाप्तिस्म्याला नेतच नाहीत. परमेश्वर त्यांना ठणठणीत ठेवो आणि शंभरी पाहू देवो. माझ्या लेकीला सातवा महिना लागला आहे. मास्तर, खुशाल विश्रांती घ्या, पण मांडी घालून बसायची सवय तेवढी मोडू नका!