वाफ दिसली पाहिजे

कारखान्यातले किस्से गंजासारखे असतात. रोज थोडे साचतात आणि एक दिवस खरवडायला बसलं की घमेलंभर निघतात. माझं घमेलं वर्षाच्या आत भरलं.

स्वीडनमध्ये शिकून पेणला परतताना मला वाटलं होतं, रोह्याच्या रस्त्यावरची ही पोलादी प्लेटांची कंपनी माझ्या संशोधनाची वाटच बघत असेल. पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी, म्हणजे प्लांट मॅनेजरनी, एकच प्रश्न विचारला, "तिकडे हे काम एसीत बसून करतात का?"

काम तसं साधं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, वाफेच्या गादीवर नाचत राहतो. लालबुंद पोलादावर फवारलेल्या पाण्याचं तेच होतं आणि बरंचसं पाणी फुकट वाहून जातं. पाण्यात ॲल्युमिनाचे नॅनो कण आणि थेंब पसरवणारा सर्फॅक्टंट नेमक्या प्रमाणात मिसळला, तर कमी पाण्यात प्लेट गार होऊ शकते.

माझी मावशी वडखळपलीकडे खारेपाटात राहते. उन्हाळ्यात तिचं गाव टँकरवर जगतं. कारखान्यांनी पाणी कमी ओढावं, एवढ्यासाठी मी परत आले होते.

*

नॅनो पावडर मागवली. परचेसच्या नाईकांनी लगेच पोती आणून टाकली. उघडून बघते तर मूर्तींना लावायची खडूची पूड, थेट हमरापूरच्या मूर्तिशाळांतून! "पांढरी हाय, बारीक हाय, जवळ मिळते," नाईक म्हणाले. मी अडवायच्या आत त्यांनी ती टाकीत ओतलीसुद्धा. फवाऱ्याची सगळी तोंडं तुंबली.

"नाईक, ही गणपतीची पावडर आहे."

"मग? गणपती पाण्यातच जातात ना, मॅडम?"

*

सर्फॅक्टंटच्या जागी भांडी घासायच्या लिक्विडचे कॅन आले. पंप सुरू करताच गुडघाभर फेस. ऑपरेटर त्यात चपला शोधत होते. साहेब आले, फेसात उभे राहिले आणि फोटो काढून घेतला.

"सर, फेसामुळे पंप हवा खेचतोय."

"फेस येतोय म्हणजे केमिकल काम करतंय," साहेब म्हणाले. तो फोटो हेड ऑफिसला गेला. तिथून अभिनंदन आलं.

*

शेवटी भांडून खरा माल आणवला. पाणीबचतीचं प्रात्यक्षिक बघायला बाहेरून पाहुणे येणार होते; त्याच्या रंगीत तालमीत मी पाणी बरंच कमी ठेवलं, तरी प्लेट झटक्यात आणि सगळीकडे सारखी गार झाली. मला नाचावंसं वाटत होतं. साहेब मात्र नाराज.

"वाफ कुठाय?"

"सर, पाणीच कमी लागलं."

"ते पाहुण्यांना दिसणार कसं? वाफ दिसली पाहिजे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मागे बॅनर लागलेला होता: 'थेंब थेंब वाचवू या'.

*

पाहुणे दोन दिवसांसाठी आले. पहिल्या दिवशी सकाळीच मावशीचा फोन. "गो, टँकर नाय आला आज. बायका हंडे लावून बसल्यात. तुझ्या ओळखीचं कोण हाय काय?"

विचारते म्हटलं आणि शेडमध्ये गेले. कंपनीची पाइपलाइन दुरुस्तीला बंद होती, आणि आमच्या टाकीत एक टँकर रिकामा होत होता. पाइप धरून रफिकभाई उभे. मावशीच्या गावाला पाणी नेतात तेच.

"मी काय करू, मॅडम? साहेबांचा फोन आला. उद्या पण इथंच बोलवलंय."

प्रात्यक्षिकात वाफ छपरापर्यंत गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणीबचतीबद्दल साहेबांना शाल मिळाली. मला नारळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीत गेले नाही. पेणला जिथे टँकर भरतो तिथे गेले आणि रफिकभाईंच्या शेजारी चढून बसले. वडखळ नाक्यावर त्यांनी गाडी हळू केली.

"कंपनी सरळ हाय, मॅडम."

"आज उजवीकडे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि अलिबागच्या रस्त्याला गाडी घातली.

मावशीचा हंडा भरत असताना साहेबांचा फोन आला. "मॅडम, प्लेट लाल झालीय, पाहुणे उभे आहेत. पाणी कुठाय?"

"वाचवलं, सर."